डाव्या हाताची काच

दोन दिवस आभाळ कोंदून राहिलं आणि शुक्रवारी सकाळी एकदाचं लख्ख ऊन पडलं. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या मामांनी शटर वर केलं. ट्रेमध्ये गिऱ्हाइकांची कामं पडली होती, पण मामांचा सगळा जीव टेबलावरच्या फडक्यात. फडक्यात शाळेचा लोलक होता, तीन बाजूंचा, बोटभर लांबीचा काचेचा तुकडा.

शाळेत तेवढा एकच. विज्ञान शिकवणाऱ्या भाचीच्या हातून तो सोमवारी फरशीवर पडला आणि एक बाजू खरवडली. शुक्रवारी अकराला वर्गाला पांढऱ्या उजेडातले रंग दाखवायचे होते. नोकरी लागून तीनच महिने झालेले. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. मामा म्हणाले, आण इकडं, चाळीस वर्षं काय माश्या मारल्या का मी?

मंगळवारी त्यांनी ती बाजू घासून, पॉलिश करून चकचकीत केली. उन्हात धरली, तर भिंतीवर रंगांचा नुसता गढूळ पट्टा. जन्मभर भिंगाला गोलाई देणाऱ्या उजव्या हातानं सपाट बाजूलाही नकळत पोट आणलं होतं. मामी पट्टा न्याहाळून म्हणाल्या, याला चष्मा लागलाय. मामा हसले खरे, पण जेवणात लक्ष लागेना.

बुधवारी परत घासली. सपाट काचेवर ठेवून बोटानं दाबलं, तर अजून डुलतेच आहे. मग गुरुवारी त्यांनी उजवा हात सरळ खिशात घातला आणि लोलक डाव्या हातात घेतला. या हातानं जन्मात काच घासली नव्हती. त्याला गोलाई ठाऊकच नव्हती. लहान मूल अक्षर गिरवतं तसा तो चालला, सावकाश, अडखळत, पार दिवेलागणीपर्यंत. डुलणं थांबलं. पण रंगांचं काय, ते उन्हाशिवाय कळणार नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला भाची आली, शाळेची पिशवी खांद्याला. मामांनी शटर खाली ओढलं. खोलीत काळोख झाला, शटरच्या भोकातून उन्हाची एक काडी आत आली. तिच्या वाटेत त्यांनी लोलक धरला.

समोरच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग उमटले, एकेक वेगळा ओळखू यावा असा. मामांनी खणातलं मोठं भिंग काढून रंगांच्या वाटेत धरलं, पुढंमागं सरकवलं, आणि सगळे रंग गोळा होऊन पांढरा ठिपका झाला.

"भिंगही ने," मामा म्हणाले. "पोरांना हेही दाखव."

"मामा, आधीपेक्षा छान पडतात हो रंग," भाची म्हणाली.

"डाव्याचं काम आहे. परत पाडलास तर तो काही ऐकायचा नाही."

ती हसत गेली. मामींनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पंधरा दिवस झाले सांगतेय, काडी ढिली आहे."

मामांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, उजव्या हातात.