पंगतीतला सुस्कारा

माझ्या धाकट्या मामांइतकं बेमालूम दुःख सबंध तंजावुरात कुणाला करता येत नसे, आणि तेही पायसम भुरकताना! वास्तविक त्यांना दुःख कसलंच नव्हतं. दुःखी होतो आम्ही. मी, माझा भाऊ आणि दोन मित्र मिळून बँड काढला होता. चाली सगळ्या स्वतःच्या. घरोघर केबल आली, गल्लोगल्ली एसटीडी बूथ उघडले, पण आम्हाला बोलावणारा एक फोन येईल तर शपथ! वैकाशी महिन्यातले लग्नमुहूर्त संपेपर्यंत एकही कार्यक्रम मिळाला नाही, तर कीबोर्डवाला कॉम्प्युटर शिकायला मद्रासला जाणार होता. म्हणजे बँडचे बारा वाजलेच.

“रडतां काय रे? मी आहें ना!” मामा म्हणाले.

पुढच्याच मुहूर्ताला मामा कडक इस्त्रीची वेष्टी नेसून, मोपेडवर बसून एका अनोळखी रिसेप्शनला निघाले. आमंत्रण? छे! वराकडच्यांना ते वधूकडचे वाटत, वधूकडच्यांना वराकडचे. पंगतीत बसायचे, पायसम आलं की हात थांबवायचे आणि आजूबाजूच्या चार पानांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडायचे. शेजारचा विचारणारच, “काय झालं, सार?”

“काही नाही हो. जेवण फक्कड आहे. बँड तेवढा नाही. परवा तिरुवैयारूला काय वाजवलं त्या पोरांनी! नवरदेवाची आत्या खुर्चीवर चढून नाचली!”

तिरुवैयारूला आम्ही तोवर फक्त बस बदलली होती.

तिसऱ्या लग्नात घोटाळा झाला. तिन्हीकडे स्वयंपाकी एकच! त्यानं मामांना बरोबर ओळखलं आणि हातात झारा घेऊनच पुढे आला. मामा तसूभर हलले नाहीत. उलट त्याच्या सांबाराची अशी तारीफ केली, की त्यानं आपल्याच मुलीच्या लग्नाला आम्हाला ठरवलं. कीबोर्डवाल्यानं बांधलेली बॅग सोडली. पुढे तो स्वयंपाकी जिथं रांधायला जाई, तिथं आमचं नाव सांगू लागला.

फक्त इथं सगळी लग्नं ठरावीक मुहूर्तांनाच. आम्ही एका मंडपात वाजवत असू, तेव्हा मामा दुसऱ्या मंडपात सुस्कारत असत. “ऐकायला या ना,” म्हटलं की खेकसायचे, “आणि पुढचा कार्यक्रम कोण आणील, तुझा बाप?”

चार वर्षं झकास गेली. मग नोकऱ्या लागल्या, चौघं चार गावांना पांगलो. मागच्या सुट्टीत मामांकडे कॉफी पीत बसलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, “कां रे, तुम्ही बरं वाजवत होतां ना? इतक्या लोकांना सांगितलं मी.”

अरे देवा, मामांनी आम्हाला एकदाही ऐकलं नव्हतं!

“बरं वाजवायचो, मामा.”

मामा हसले. कॉफीचा पेला खाली ठेवून त्यांनी एक सुस्कारा सोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो खरा होता.