मेणाचा ठोकळा आणि भोगाची आच

मंगळवार, रामनवमीचा आदला दिवस. ठिकाण पोहरादेवी, बंजारा समाजाचं देवस्थान. हजर: मी, आमचे हे आणि नणंद सुमनताई. सोबत स्टीलचा डबा एक. त्यात माझ्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, नागपूरला न्यायचा.

महिन्याभरापूर्वी ऑपरेशन करून माझ्या डाव्या अंडाशयातली गाठ काढली होती. वाशिमच्या लॅबमधल्या तपासणीत तिचं नाव ठरेना. एका जातीची म्हणावी, तर काही पेशी त्यात बसत नव्हत्या. नाव ठरल्याशिवाय पुढची औषधं द्यायची की नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. मेणाचा ठोकळा घेऊन नागपूरला जा, तिथे जनुकंही तपासतील, असं ते म्हणाले. मी यादीत लिहिलं: ठोकळा, एक. आणला आणि खूण केली. तेव्हा माझा देवीपेक्षा यादीवर जास्त विश्वास होता, हे कबूल करते. वाटेत दर्शनाला थांबले ती सुमनताईंच्या हट्टाखातर.

होमात तूप-गुळाचा भोग पडत होता. डब्याला भोगाची आच लागू दे, असं सुमनताई म्हणाल्या. पटलं नव्हतं, तरी डबा होमाच्या कठड्यावर मीच ठेवला आणि डोळे मिटले. काय मागावं तेच सुचेना. शेजारी बसलेल्या तांड्यावरच्या एका म्हातारीने माझा दंड हलवला.

"काय हाय वो यात? डबा तापून राह्यला."

मेण आहे, आजाराचा तुकडा आहे, असं मी सांगितलं.

"मंग उचल न बाई. देवीले दुरूनबी दिसते."

मी हलले नाही, तेव्हा तिनेच पदराने डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. उघडून पाहिलं, तर मेण एका बाजूने वितळून बसलं होतं. हे शांतपणे म्हणाले, "आता यादीत हेबी लिव्ह." मी मान वर केली, तोवर म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली होती.

नागपूर राहिलं बाजूला. आम्ही उलटे वाशिमच्या त्याच लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसाने मला चांगलं सुनावलं. मग म्हणाला, तुकडा शाबूत आहे, मेण नवं घालून देतो. पण बाकीचे पाच कधी नेणार? गाठ मोठी म्हणून तिचे सहा तुकडे ठेवले होते. मी एक मागितला, त्यांनी एक दिला.

सहाही नागपूरला गेले. पहिल्यात एकाच जातीच्या पेशी निघाल्या, दुसरी जात सापडली ती चौथ्यात. क्वचितच आढळणारी मिश्र गाठ होती ती, आणि डायसर-वन नावाच्या जनुकात बदल होता. दोन्ही मिळून नाव ठरलं. गाठ अंडाशयाबाहेर गेलेली नव्हती, म्हणून औषधं नकोत, फक्त दर तीन महिन्यांनी तपासणी. एकटा पहिला ठोकळा गेला असता, तर नाव चुकीचं लागलं असतं.

त्या दिवशी काय घडलं, याचा अर्थ मी लावत बसत नाही. माझी चूक एका अनोळखी हाताने उचलून मांडीवर ठेवली, एवढं मला माहीत आहे, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते.

पुढे रक्त तपासलं, तर तो बदल माझ्यात जन्मापासूनच आहे. म्हणजे मुलीतही असू शकतो. ती अमरावतीला शिकते. फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मले थोडा वेळ दे."

मी दिला. यादीत तारीख घातली नाही. तिच्या मनाची तयारी माझ्या हातात नाही, ती देवीवर सोडली आहे. तिचं रक्त तपासायला द्यायचं अजून बाकी आहे.