खो-खोची शिट्टी

लंडनच्या ईलिंग भागातल्या महाराष्ट्र मंडळात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "काय गं, हॉकी कशी चाललीये?" हॉकी नव्हे, लॅक्रोस, हे मी युनिव्हर्सिटीच्या तीन वर्षांत इतक्या वेळा सांगितलं की शेवटी नुसतं "छान" म्हणायला लागले. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी, जाळीत टणक रबरी बॉल, तो झेलत-फेकत पळायचं. मी डिफेंडर. समोरच्या पोरीला गोल करू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. गोल मारणारीचं कौतुक व्हायचं आणि माझ्या वाट्याला काळ्यानिळ्या नडग्या.

बाबांच्या मी पहिल्या वर्षापासून मागे लागले होते, एकदा तरी बघायला या. पण त्यांचे शनिवार मंडळाचे. मुलांना खो-खो शिकवायचा, लेझीम बसवायचं, हॉलची किल्ली आणायची. दुसऱ्यांच्या पोरांसाठी या माणसाकडे वेळच वेळ होता. मी चिडले, भांडले, रडलेसुद्धा. तिसरं वर्ष अर्धं सरल्यावर विचारणंच सोडून दिलं.

शेवटच्या वर्षी काउंटीच्या टीमसाठी ट्रायल मॅच होती. निवड झाली तर पुढे खेळता येणार होतं. नाहीतर उन्हाळ्यात डिग्री, मग स्लाऊच्या एखाद्या वेअरहाउसच्या ऑफिसात नोकरी आणि खेळ कायमचा बंद. आईनं हे त्यांच्या कानावर घातलं असावं. हाफटाइमनंतर बघते तर बाबा आमच्या गोलच्या मागे उभे! खो-खोच्या प्रॅक्टिसवरून तडक आलेले. अंगात जाड कोट, गळ्यात मफलर आणि मफलरवर मंडळाची शिट्टी. मला हसू आलं. त्यानंतरची वीस मिनिटं मी आयुष्यात कधी खेळले नव्हते तशी खेळले.

आमच्या खेळात एक शिस्त असते. शिट्टी वाजली की जी जिथे असेल तिथेच थांबते, पुढचं पाऊलही टाकत नाही. ती माझ्या अंगात इतकी भिनली होती की रस्त्यात पोलिसाची शिट्टी ऐकली तरी मी थबकायचे.

मॅच संपत आली होती. समोरच्या अटॅकरची काठी फाडकन माझ्या भुवईवर बसली. अंपायर बाईंना ते दिसलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी मी तिची वाट सोडली नाही. तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

मी जागच्या जागी थांबले. अटॅकरचं तोंड मात्र अंपायरकडे होतं. अंपायरची शिट्टी हातातच आहे हे तिला दिसलं. ती माझ्या शेजारून आरामात गेली आणि तिनं गोल मारला.

मी वळून पाहिलं. शिट्टी बाबांच्या तोंडात होती. ती काढून ते ओरडत होते, "फाउल! धिस इज फाउल! शी हिट हर!"

अंपायर बाई शांतपणे म्हणाल्या, मैदानावर शिट्टी फक्त माझी. गोल कायम राहिला. मॅचनंतर चहा-सँडविचच्या टेबलापाशी निवडलेल्या मुलींची यादी वाचली गेली. मी नव्हते. त्या एका गोलामुळेच, असं कुणी म्हणालं नाही. मी तसं ठरवून टाकलं.

गाडीत बसल्यावर बाबांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. भुवईतून रक्त येत होतं. चहाला एवढ्या बायका होत्या, एकीनंही विचारलं नव्हतं.

"लागलंय तुला," ते म्हणाले. "मला दिसलं म्हणून मी..."

रुमाल मी घेतला नाही. दात-ओठ खात म्हटलं, "बाबा, तुम्हाला कुणी बोलावलं होतं इथे?"

त्यांनी गाडी सुरू केली. ती मैदानाच्या फाटकातून बाहेर काढली. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तूच की गं. तीन वर्षं."