सरळ केलेला पाळणा

माझ्याकडे काम घेऊन येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी विचारतोच, "मॅडम, हे सगळं कम्प्युटरच करते न? तुम्ही फक्त बटन दाबता?" आधी मी समजावून सांगायचे. आता सरळ "हो" म्हणते आणि चहासुद्धा विचारत नाही.

अमरावतीत आमच्या घराची मागची खोली म्हणजे माझा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, पूर्वी तिथे गव्हाचे कट्टे आणि बिघडलेला कूलर असायचा. खिडकीला जुनी कापसाची गादी बांधली आहे, दाराला दोन चादरी. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, त्यामुळे उन्हाळ्यात गाणारा आणि मी, दोघंही घामाने निथळतो. एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड, एक माईक. बाकी तबला, बासरी, ढोलकी, वीस व्हायोलिनांचा ताफा, सगळं त्या लॅपटॉपच्या पोटात. बोट टेकवलं की बासरी वाजते हे खरं आहे. पण बासरीवाल्याने श्वास कुठे घ्यायचा हे मला ठरवावं लागतं, नाहीतर ती बासरी एस.टी.च्या हॉर्नसारखी एका दमात वाजत राहते. हे कोणाला सांगणार?

त्याआधी मी एका शाळेत संगीत शिकवायचे. कंत्राटी. रोज प्रार्थनेला पेटी मी वाजवायचे. एका वर्षी मुख्याध्यापिका म्हणाल्या, प्रार्थना नीट रेकॉर्ड करून द्या, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी अडायला नको. मी हौसेने करून दिली, मागे सतार घातली, पखवाज घातला. जूनमध्ये माझं कंत्राट काही पुढे वाढलं नाही. स्पीकर होता न. त्या शाळेवरून जाताना अजून माझी पेटी ऐकू येते, आणि मला मात्र फाटकावरचा चौकीदार विचारतो, कोणाकडे काम आहे. हे रडगाणं मी इतक्यांदा गायलंय की नवरा म्हणतो, आता पुरे कर. इथे एवढ्यासाठी सांगते की पुढे मी जे केलं, ते हे सगळं भोगून झाल्यावर केलं. अडाणीपणाने केलं असं म्हणायची मला सोय नाही.

माझी आई अकोल्याला राहते, जुन्या शहरात. त्यांच्या वस्तीतल्या विहारात चौदा एप्रिलला सकाळची वंदना झाली की फुलांनी सजवलेला पाळणा हलवतात आणि बायका पाळणे म्हणतात. पाळणे पुष्कळ आहेत, पण शेवटी म्हणायचा तो आईचा. तिच्या आईने रचलेला. आजी बार्शीटाकळीकडे लोकांच्या वावरात निंदायला जायची. सहीच्या जागी अंगठा लावायची, पण सोळा कडव्यांचा पाळणा तिने निंदता निंदता जुळवला आणि दोन्ही पोरींकडून तोंडपाठ करून घेतला. आजी गेली, मावशी गेली. पाळणा म्हणणारी आई तेवढी उरली.

त्या पाळण्यात एक जागा होती. 'जो बाळा जो जो रे जो' यातला अगदी शेवटचा जो. बाकीच्या बायका तो सरळ म्हणून थांबतात. आई तिथे खाली घसरायची. सुराच्याही जराशी खाली, पेटीला जिथे पट्टीच नाही अशा ठिकाणी क्षणभर थांबायची, आणि मग डोक्यावर भारा घेऊन उठावं तशी हळूहळू वर यायची. आजीसुद्धा असंच म्हणायची म्हणे. तो जो आला की विहारातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

मला त्या जागेची लाज वाटायची. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायची. मी संगीताच्या परीक्षा देत होते तेव्हा आमचे सर एकदा जयंतीला पाहुणे म्हणून आले होते. पाळणा ऐकून ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "आवाज गोड आहे तुझ्या आईचा, पण सूर खाली लागतो. शिकलेली नाही न." त्यांनी अगदी मायेने म्हटलं होतं. पण त्यानंतर दर जयंतीला कडवं संपत आलं की मी बाहेर जाऊन चपला ओळीत लावत बसायचे.

चार वर्षांपूर्वी विहाराच्या सचिवांनीच विषय काढला. "ताई, तुमचा पाळणा रेकॉर्ड करून ठेवा. पोरगी तर त्याच धंद्यात हाय." आई मार्चमध्ये बसने अमरावतीला आली. पिशवीत माझ्यासाठी तुरीची डाळ आणि नवं लुगडं. लुगडं कशाला आणलंस विचारलं तर म्हणाली, "रेकॉर्डिंगले नेसाले." मी म्हटलं, आई, फक्त आवाज घ्यायचाय. तरी तिने ते नेसलंच.

पदरावरून तिच्या कानांना हेडफोन लावला आणि तालाचा ठोका सुरू केला. आईने हेडफोन दोन्ही हातांनी धरला.

"अवं, हे काय टकटक करून राह्यलं? कोणी दार ठोकून राह्यलं का?"

"आई, तो ताल आहे. त्याच्यावर म्हणायचं."

"पाळण्याले काहून ताल लागते? लेकरू काय ताल मोजून झोपते?"

मी तिला सांगितलं की तू ठोक्यावर म्हटलं नाहीस तर मागे तबला बसणार नाही, व्हायोलिन बसणार नाहीत. तिला व्हायोलिनांशी काही घेणं नव्हतं, पण पोरीचं काम बिघडू नये म्हणून ती बिचारी ठोक्यामागे पळायला लागली. दोनदा चुकली, दोनदा "माफ कर वं" म्हणाली. आपल्या आजीचा पाळणा आपली आई आपलीच माफी मागत म्हणतेय, हे मला दिसत होतं. मी घड्याळ पाहत होते. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि सोळाही कडवी म्हटली, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती जागा घेतली.

ती परत गेल्यावर मी कामाला बसले. सॉफ्टवेअरमध्ये आवाज डोळ्यांना दिसतो. प्रत्येक सुराला एक आडवी पट्टी असते. बरोबर लागलेला सूर पट्टीवर बसतो, चुकलेला वर किंवा खाली लोंबतो. लोंबणारा सूर माऊसने धरायचा आणि पट्टीवर नेऊन ठेवायचा, वाळत घातलेला कपडा सरळ करावा तसा. आईचा शेवटचा जो सोळाही कडव्यांत पट्टीच्या खाली होता. सोळाही वेळा अगदी तेवढाच खाली. चूक कधी इतकी नेमकी होत नाही, हे कळायला काही विशारद असावं लागत नाही. मी विशारद आहे आणि मला कळलं नाही. मी एकेक जो उचलला आणि जागेवर ठेवला. सर म्हणाले होते ते निस्तरून टाकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं.

मग बासरी घातली, तिला श्वास दिला. हलके घुंगरू, शेवटच्या कडव्याला सगळी व्हायोलिनं. आणि व्हॉट्सअॅपवर आईला, सचिवांना पाठवून दिलं. तासाभराने आईचा फोन आला.

"हे मी व्हय?"

"तूच आहेस. थोडं इकडेतिकडे होत होतं, ते सुधारलं मी."

ती म्हणाली, "लय गोड गाऊन राह्यली वं मी. इतके वर्स मले कोणी सांगतलंच नाही का मी चुकून राह्यली म्हणून."

मी हसले. मला तो विनोद वाटला.

त्या जयंतीला मी अकोल्याला गेले. आई नव्या लुगड्यात पाळण्याजवळ उभी राहिली, घसा साफ केला, आणि सचिवांनी त्यांचा फोन स्पीकरला जोडला. "ताई, तुमचाच तर आवाज हाय. कायले घसा कोरडा करता?" बायका हसल्या, आईसुद्धा हसली. पाळणा वाजायला लागला आणि ती दोरी धरून हलवत राहिली. मधूनच तिचे ओठ हलायचे आणि थांबायचे. म्हाताऱ्यांपैकी कोणी डोळ्यांना पदर लावला नाही. सगळ्या माना डोलावत होत्या, आणि माझ्याकडे बोट दाखवून "हिनं केलं, ताईच्या पोरीनं" असं एकमेकींना सांगत होत्या. मी या वेळी चपला लावायला बाहेर गेले नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा पूर्ण पाळणा आत उभं राहून ऐकला आणि त्याचं शूटिंग केलं. स्पीकरचं.

पुढे तो पाळणा बराच फिरला. बार्शीटाकळीला वाजला, मुर्तिजापूरला वाजला, धामणगावच्या एका मंडळाने मागून घेतला. मला जयंतीच्या गाण्यांची कामं यायला लागली. फोनवर लोक म्हणायचे, "पाळणावाल्या मॅडम का?" त्याच उन्हाळ्यात लग्नाच्या एका लॉनच्या उद्घाटनाचं गाणं आलं, पन्नास-साठ ट्रॅकचं, आणि लॅपटॉप भरला म्हणून कुरकुरायला लागला. मी जुन्या फायली उघडल्या. पाळण्याचे कच्चे टेक दिसले, आईचा न सुधारलेला आवाज. पक्कं तर झालंय, आता कच्च्याचं काय लोणचं घालायचं, असं म्हणून मी ते पुसून टाकले. एका लॉनसाठी. त्या लॉनचं गाणं त्यांनी नंतर वापरलंही नाही.

आईच्या ओसरीवर मार्च लागला की विहाराच्या महिला मंडळाची पाळण्यांची तालीम बसायची. फाईल आल्यावर ती बंद पडली. कायले जमायचं, सगळ्यांच्या फोनमध्ये पाळणा होताच. मी फोन केला की आई सांगायची, गुडघा दुखते, ऊन लय हाय, पलीकडच्या घरी बोअर मारली. गाण्याचं काही बोलायची नाही, आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, वय झालं. माणसाला आपलं पाप दिसू नये म्हणून वयासारखी सोयीची गोष्ट दुसरी नाही.

यंदा मार्चमध्ये मी न सांगता अकोल्याला गेले. दार उघडं होतं. आई आत सुपात डाळ निवडत बसली होती आणि पाळणा म्हणत होती. मी दारातच थांबले. किती वर्षांनी तिचा खरा आवाज ऐकत होते, मध्ये सॉफ्टवेअर नाही, व्हायोलिनं नाहीत. आवाज थकला होता, पण होता. मी चपला न काढता उभी राहिले आणि त्या जोची वाट पाहायला लागले. ज्याच्यापासून पळायचे त्याचीच.

तो आला. सरळ आला. पट्टीवर ठेवल्यासारखा, स्वच्छ, सुरात. मला वाटलं, या कडव्यात राहिली असेल. पुढचं कडवं ऐकलं, त्याच्या पुढचं ऐकलं. तीनही सरळ.

"आई, ती जागा घे न."

ती दचकली. "कवा आली वं? कोणती जागा?"

"शेवटच्या जोवरची. आजीची. खाली जाऊन वर येत होतीस ती."

"ते होय." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "ते चुकत होतं न, माय. तूच तर सुधारलं. म्या फोन लावून लावून बसवलं. सहा महिने लागले, जुनी सवय सुटताच सुटेना. यंदा म्हटलं, स्पीकरच्या संगं म्हणाव. मंग कोणाले पत्ताही लागणार नाही, कोणता आवाज माहा अन् कोणता फोनचा."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला म्हटलं, आई, ते चूक नव्हतं. चूक माझी होती, मला समजलं नाही. ते आजीने मुद्दाम ठेवलं होतं. ते पुन्हा म्हण. तिने माझं मन राखायला प्रयत्न केला. खाली गेली, अडखळली, आणि घाईने पट्टीवर परत आली. तोल जाता जाता कठडा धरावा तशी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग स्वतःवरच चिडली. "मले नाही आठवत कसं होतं ते. तूच म्हणून दाखव."

ऐकवायला माझ्याकडे काही नव्हतं. कच्चे टेक नव्हते. जुन्या जयंत्यांत तो जो आला की मी चपलांपाशी असायचे, तर शूटिंग कोण करणार होतं? म्हणून मीच म्हणायला लागले. मला वाटलं, कान तयार आहे, गळा तयार आहे, निघेल. मी खाली गेले आणि गळा आपोआप शेजारच्या शुद्ध सुरावर जाऊन बसला. इतक्या वर्षांच्या रियाजाने त्याला मधे कुठे थांबायला शिकवलंच नव्हतं. मुद्दाम बेसूर केलं तर ते नुसतं बेसूर झालं. पाच-सहा वेळा केलं. घाम आला, रडू आलं, पण ती जागा काही आली नाही.

आई लक्ष देऊन ऐकत होती. मी थांबल्यावर तिने मान हलवली, पूर्वी सर हलवायचे तशी.

"नाही बाई. तू चुकून राह्यली."

तिने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि माझी फाईल लावली. बासरी वाजली, घुंगरू वाजले. ती बोटाने सुपाच्या कडेवर टकटक करून ताल द्यायला लागली, एकही ठोका न चुकवता.

"हे पाय, असं हाय ते," ती म्हणाली. "म्हण माह्या संगं."

मी म्हटलं. आमच्या दोघींचा एकही सूर खाली लागला नाही.