फॅटच्या यंत्रावर हसलेला डॉक्टर

वसंता गेला, हे मला डेअरीवर कळलं. मुरबाडकडच्या आमच्या गावात सकाळचं दूध घेत होतो. कुणीतरी म्हणालं, "शहापूरचा तुमचा डॉक्टर गेला वो…" मी मान डोलावली आणि पुढची किटली ओढली. रडायलाही अंगात जोर लागतो. वसंता माझा शाळेतला सोबती. तो लहान मुलांचा डॉक्टर झाला, मी दुधाचा फॅट मोजणारा. या मोजण्याचा मला गर्व किती, ते माझ्या लेकीला विचारा.

मागे ती बाळंतपणाला आली होती. नातू वजन धरेना. विहीणबाई पावडरच्या दुधाचा डबाच घेऊन आल्या, "हिच्या दुधात कस नाय." म्हटलं, वाद कशाला, यंत्र आहे की! लेकीचं थोडं दूध मागून घेतलं, यंत्राला लावलं. डब्यातलंही कालवून लावलं. डबा जिंकला. निकाल मी अंगणात, सगळ्यांदेखत जाहीर केला. त्या दिवसापासून लेकीने पोराला छातीशी घेणंच सोडलं.

शेवटी दोघांना घेऊन शहापूर गाठलं. दिवसभर पेशंट तपासून वसंता पार गळून गेला होता, तरी माझ्या यंत्राचं ऐकून खो खो हसला.

"यंत्र गाई-म्हशींचं, गाढवा! आणि धार कुठली लावलीस?"

"पयली."

"मग गाईची शेवटची धार कासेत का नाय सोडत रे तू?"

"तिच्यातच तर लोणी…"

वसंता लेकीकडे वळला. "डब्यात तेलं घालून स्निग्धांश ठरवलेला असतो. पहिला घोट तसाच शेवटचा. तुझं दूध आधी पातळ, पाजता पाजता दाट होतं. बाळ आपणहून सोडेपर्यंत काढू नको गो. तरी वजन नाय धरलं तर डबा देऊ, त्यात लाज कसली?"

लेकीने तिथेच पदर ओढून पोराला घेतलं. पुढे थोडे दिवस डबाही लागला. पोरगं सावरलं.

परवा दवाखान्याकडे गेलो, कशाला कोण जाणे… शटर बंद. पायरीवर लांबच्या पाड्यावरून आलेली एक बाई बाळाला पाजत होती. "डॉक्टर कवा येतील वो?" तोंडाशी आलेलं मी गिळलं. पाजणाऱ्या बाईला वसंता कधी आत बोलवत नसे. रांग खोळंबली तरी बाळाचं होऊ द्यायचा. "तू पाज निवांत," म्हटलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. बाळाने सोडल्यावर सांगितलं.