रोलरचं कार्ड आमच्या घरी

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. सहा मजल्यांच्या काळ्याकुट्ट पोकळीत, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन हा माणूस शीळ घालतो. मला स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढायची म्हटलं तरी मी त्यालाच हाक मारते. आमच्या घरात लहानपणापासून वाटणीच ठरलेली होती: भित्री मी, बिनधास्त तो. आई-वडील गेल्यावर दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहिलो. मी लग्न केलं नाही आणि त्याचं जमलं नाही, तरी ती वाटणी तशीच चालू होती.

रविवारी तो फुटबॉल खेळायचा. उजव्या कडेने असा पळायचा की कुणाच्या हाती लागायचा नाही, म्हणून सगळे त्याला पारा म्हणतात. मीसुद्धा तेच म्हणते. खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं आहे.

तेरा महिन्यांपूर्वी बस डेपोच्या संघाशी सामना होता. त्यांचा बचावपटू म्हणजे रोलर. डेपोत बसचे टायर बदलतो. मान जाड, बोलणं कमी, आणि एकदा सुटला की थांबत नाही. पाऱ्याने चेंडू केव्हाच पुढे काढला होता. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन कडेलाच उभी होते, म्हणून शपथेवर सांगू शकते, केव्हाच! तरी रोलर मागून आला. दोन्ही पाय उचललेले, बुटांचे तळवे पुढे केलेले, ओल्या गवतावरून सरळ घसरत. आवाज आला. शाळेत आमच्या बाई चिडल्या की टेबलावर लाकडी पट्टी आपटायच्या आणि ती मोडायची, तसा. पाऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली अशा जागी वाकला होता, जिथे सांधाच नसतो. मी धावले नाही. बाटल्या हातातून सुटल्या एवढं आठवतं.

नडगीची दोन्ही हाडं गेली होती. आत सळई बसली, चार स्क्रू बसले.

आता शिक्षेचं. दुसरीकडे असं झालं की लाल कार्ड दाखवतात, दोन-तीन सामने बाहेर बसवतात आणि विषय संपतो. ज्याचा पाय मोडला तो वर्षभर घरी, आणि मोडणारा पुढच्या महिन्यात मैदानावर. आमच्या लीगमध्ये तसं नाही, कारण आमचे सेक्रेटरी आयुष्यभर ग्रंथपाल होते. त्यांचा नियम त्यांच्या वाचनालयातूनच आला आहे: घेतलेलं परत येईपर्यंत कार्ड अडकवून ठेवायचं. ज्याने पाय मोडला त्याचं खेळाडूचं कार्ड ज्याचा मोडला त्याच्या घरी जमा. जखमी माणूस बरा झाला की त्याने स्वतः मैदानावर येऊन, सगळ्यांसमोर, ते परत करायचं. तोवर मोडणारा बाहेर. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याने जखमी माणसाच्या दारात येऊन तब्येत विचारायची. बरं झालं की नाही, हे ठरवणार कोण? जखमी माणूसच. डॉक्टरचा दाखलाही नाही. ग्रंथपालकाका म्हणायचे, "खेळाडू खोटं बोलतो ते एकच. पाय दुखत असताना म्हणतो, दुखत नाही. उलटं खोटं बोलणारा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

काका स्वतः कार्ड घेऊन आमच्याकडे आले, पाऱ्याकडून वहीत सही घेतली. कार्डावर रोलरचा फोटो होता. मी तो पालथा घालून कपाटाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. खरं सांगायचं तर मला ती शिक्षा कमी वाटली होती. मला तो माणूस जन्मभर बाहेर हवा होता.

रोलर दर महिन्याला यायचा. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहायचा, चपला न काढता.

"पाय कसा आहे?"

"ठीक. अजून वेळ आहे," पारा म्हणायचा.

"बरं. कळवा."

संपलं. पण त्या दोन मिनिटांसाठी आमच्या घरात सकाळपासून जी घाबरगुंडी असायची, ती मी कुणाला सांगितली नाही. पारा अंघोळ करून काठी धरून खाटेवर बसायचा. चहा गार व्हायचा. जिन्यात पावलं वाजली की त्याच्या वरच्या ओठावर घाम यायचा आणि डावा पाय आपोआप खाटेखाली जायचा. रोलर गेला की अर्धा तास तो खाटेवरून हलायचा नाही. मला वाटायचं, राग आहे. मी आपली दार जोरात आपटून त्याच्या रागात माझा घालायचे.

दहाव्या महिन्यात तो शेवटच्या तपासणीला एकटाच गेला. परत येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल." मी मान डोलावली. कंपनीने त्याला वर्कशॉपमध्ये बसून करायचं काम दिलं होतं. काठी टेकत जायचा, काठी टेकत यायचा.

मी दातांच्या दवाखान्यात पाचव्या मजल्यावर काम करते. नावं लिहून घेते, लोकांना थोपवून धरते. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली. आत एक म्हाताऱ्या बाई होत्या, दाढ काढून निघालेल्या, तोंडात कापूस. त्यांना ओरडताही येईना, नुसत्या दारावर थापा मारत होत्या. त्या थापा ऐकून माझंच डोकं बधिर झालं. पाऱ्याचं वर्कशॉप मागच्या गल्लीत आहे. मी फोन केला, "कुणालाही पाठव, पण आत्ता पाठव."

पाच मिनिटांत जिन्यात पावलं वाजली. आमच्या उघड्या दारासमोरून माझा भाऊ दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला. हातात हत्यारांची पिशवी, काठी नाही, लंगडणं नाही. माझ्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. वर मशीनरूममध्ये मेन स्विच पडल्याचा खटका झाला, मग त्याने ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत डबा हळूहळू आमच्या मजल्यावर आणला. दार उघडलं. बाई बाहेर आल्या आणि मला मिठी मारून कापसातून काहीतरी बोलल्या. मी त्यांना पाणी दिलं, पण माझे कान जिन्याकडे होते. पारा दुसऱ्या बाजूच्या जिन्याने निघून गेला होता. संध्याकाळी सुटल्यावर तळमजल्यावर पाहते तर कठड्याला काठी टेकलेली. गडबडीत विसरला होता.

ती काठी मी घरी आणली आणि कपाटाला टेकवून ठेवली. त्याने पाहिलं. मीही पाहिलं की त्याने पाहिलं.

इथे मला माझी लाज सांगायला हवी. मी पंधरा दिवस गप्प बसले. पाय बरा आहे या आनंदाने नव्हे. रोलर अजून बाहेर आहे, आणि राहू दे बाहेर, म्हणून. मला बरं वाटत होतं!

मग पहिला रविवार आला. रोलर दारात उभा राहिला. "पाय कसा आहे?"

"अजून वेळ आहे."

एरवी तो इथे 'बरं, कळवा' म्हणून वळतो. त्या दिवशी थांबला. हातातल्या टोपीची कड चिमटीत धरून म्हणाला, "डेपोत मला खेळतो म्हणून कामावर ठेवलंय. हंगाम संपला की यादी निघते. यंदा एकही सामना नसेल तर नाव कापतील. मी मागत नाहीये काही. नंतर तुम्ही विचाराल की आधी का सांगितलं नाही, म्हणून सांगतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, येतो." आणि गेला.

मी दार आपटलं नाही. हळूच लावलं. मग काठी उचलून पाऱ्याच्या मांडीवर टाकली.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"गधड्या, मला शेंड्या लावू नकोस. पाय बरा होऊन किती दिवस झाले?"

त्याने काठीची रबरी टोपी काढली, परत घातली. "चार महिने."

"त्याच्यावर सूड उगवतोयस?"

"सूड?" तो हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "ताई, मला त्याची भीती वाटते."

मी खाली बसले.

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी उभा असतो ना," तो म्हणाला, "तेव्हा वरचं वजन कुठवर येणार ते मला माहीत असतं. स्विच माझ्या हातात असतो. हा येतो तेव्हा माझ्या हातात काही नसतं. त्याच्या बुटाखाली सहा खिळे होते. मी मोजले होते गं, तो घसरत येत असताना. एवढा वेळ मिळाला, आणि पाय हलवता आला नाही. मी कार्ड दिलं की तो परत येणार. आणि मी बरा म्हटल्यावर मीही. एकाच दिवशी, त्याच मैदानावर. काकांनी नियम केला तेव्हा याचा विचार नाही केला."

खरंच केला नव्हता. कुणीच केला नव्हता. मोडणाऱ्याला किती शिक्षा, यावर सगळे भांडले. मोडलेल्याने परत कसं यायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन ठेवूनही द्याव्याशा वाटल्या. मी म्हटलं, "त्याने तुझे नऊ महिने घेतले. ती शिक्षा बरोबर होती. हे वरचे चार तू घेतलेस. आणि त्यातले पंधरा दिवस मी."

पुढच्या रविवारी डेपोच्या सामन्याआधी तो काठीशिवाय मैदानात गेला. चुन्याची रेघ ओलांडताना त्याचा पाय क्षणभर अडला. ग्रंथपालकाका बाकावर वही घेऊन बसले होते. रोलरला बोलावून घेतलं होतं. पाऱ्याने कार्ड पुढे केलं. रोलरने धरलं तरी त्याने ते लगेच सोडलं नाही.

"मी चार महिन्यांपासून बरा आहे," पारा सगळ्यांसमोर म्हणाला. "खोटं बोललो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वहीत असल्या गुन्ह्याला कलम नव्हतं. काका आणि दोन पंच बाजूला जाऊन बोलले आणि परत आले: पारा चार महिने बाहेर, त्याचं कार्ड चार महिने रोलरच्या घरी. डेपोचे लोक म्हणाले, बरोबर आहे. मलाही बरोबर वाटलं. पण मी भावाकडे पाहिलं तर त्याचे खांदे खाली आले होते. जीव भांड्यात पडला होता बेट्याचा! त्याला शिक्षा नव्हे, सुट्टी मिळाली होती. माझा संताप संताप झाला.

त्या दिवशी रोलर खेळला. पारा माझ्या शेजारी, माझी ओढणी मुठीत धरून बसला होता. कुणी कुणाच्या जवळ गेलं की मूठ आवळायची. मी मात्र रोलरकडे पाहत होते. तो एकदाही घसरला नाही. समोरचा चेंडू घेऊन आला की हा मागे सरकायचा, हात वर करायचा, वाट द्यायचा. डेपोने चार गोल खाल्ले. त्याचे स्वतःचे लोक त्याला शिव्या घालत होते.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. पहिला रविवार नव्हता, म्हणून पारा बेसावध होता. दार त्यानेच उघडलं. रोलर. हातात काकांचं खाकी पाकीट, आत पाऱ्याचं कार्ड.

"हे घ्या," तो म्हणाला.

"चार महिने आहेत," पारा म्हणाला. एक पाऊल मागे सरकला.

"काकांना विचारून आलोय. ते म्हणाले, ज्याच्याकडे कार्ड जमा त्याचा हक्क." रोलरने पाकीट पुढे धरलं. "मी पाय मोडला, मला शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती. तुम्ही घाबरलात. घाबरल्याची कसली शिक्षा? मीपण घाबरतोच की. परवा पाहिलंत ना, पाय पुढे टाकवत नाही. आवाज येतो तो."

तो आवाज. मला वाटत होतं तो फक्त मलाच ऐकू येतो.

पाऱ्याने पाकीट घेतलं. घेतलं म्हणजे आता सुटका नव्हती. मी रोलरला म्हटलं, "आत या. चपला काढा." तेरा महिन्यांत पहिल्यांदा.

लीगचा शेवटचा सामना पुन्हा डेपोशीच होता. पाऱ्याला बुटाची नाडी बांधता येईना, मी बांधायला बसले तर मलाही येईना. शेवटी नुसती गाठ मारली.

दहाव्या मिनिटाला चेंडू दोघांच्या बरोबर मध्ये पडला. पारा थांबला. रोलरही थांबला. दारात भेटलेल्या दोन पाहुण्यांसारखे 'आधी तुम्ही' करत उभे राहिले आणि चेंडू आपला एकटाच रेघेबाहेर गेला. लोक हसले, कुणीतरी शीळ घातली. मला हसू आलं नाही. मला कळलं होतं की असं एकदाच चालतं, दुसऱ्यांदा कुणीतरी पाय घालणार.

दुसरा चेंडू लगेच आला. रोलर पुढे निघाला, जड, सरळ, पण या वेळी उभा. आणि माझा भाऊ निघाला. डावा पाय पुढे करून.

मी डोळे गच्च मिटले. आवाज आला. चेंडूचा होता.