कावडीच्या दुसऱ्या टोकाला

एका बाजूची कावड चालत नाही. बांबूच्या एका टोकाच्या शिंक्यात ओझं घातलं की दुसऱ्या टोकालाही तेवढंच लागतं, नाहीतर माणूस खेकड्यासारखा तिरका चालतो. मोखाड्याकडच्या पोशेरा गावाच्या वर आमचा पाडा आहे, तिथे हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी अडचण एवढीच, की माझ्या कावडीच्या एका टोकाला माझी लेक असायची. दुसऱ्या टोकाला काय टाकायचं, हा प्रश्न घरातून निघताना दर वेळी नव्याने पडायचा.

लेक चालत नाही. ती तान्ही असताना आम्ही भिवंडीकडे वीटभट्टीवर होतो. एका दुपारी ती झोपडीत झोळीत निजली होती आणि मी आणि बायको समोरच विटा रचत होतो. माझा धाकटा भाऊ दारू पिऊन आला आणि आत जाऊन पडला. पोर रडायला लागली, त्याची झोप मोडली. त्याने तिला उचलून गदागदा हलवलं आणि जमिनीवर आपटलं. मी धावत पोचलो तेव्हा ती रडायचीसुद्धा थांबली होती. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसलाय, हे आता जन्मभराचं. भाऊ तुरुंगात गेला, सुटला. आता कुठे असतो ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. बायको पुढे तापाने गेली. उरलो आम्ही बापलेक.

तिचे पाय ताठ, डाव्या हाताची मूठ मिटलेली, नजर तिरकी. हसणं मात्र असं की वरच्या आळीतली कुत्री भुंकायला लागतात. शब्द दोनच येतात, ‘बा’ आणि ‘नको’. ‘बा’ म्हणजे मी. ‘नको’ म्हणजे बाकीचं जग.

मी एक कायदा करून टाकला होता. तिला माझ्याशिवाय कोणी उचलायचं नाही. लग्नात मी तिला खांद्यावर घेऊन नाचलो. नाचणीची लावणी तिला पाठीला बांधून केली. मयताला गेलो तर तिथेही ती, आणि सगळे रडत असताना ती खदखदा हसली, तेव्हा मयताच्या सुनेलाही हसू आवरेना. शेजारची काकी मला सगळ्यांदेखत म्हणायची, “ह्यो बघा, खुडूक कोंबडीवानी बसलाय. जवळ गेलं की चोच मारतोय.”

काकीचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत येतो. तिने मला एकदाच सरळ विचारलं होतं, “पोरगी घटकाभर माझ्याकडं दिलीस तं काय व्हईल? सात पोरं वाढवली मी. एकाचंबी काय मोडलं नाय.”

“माझा भाऊबी घरचाच व्हता,” मी म्हणालो. काकी तशीच आपल्या घराकडे वळली.

तर दुसऱ्या टोकाचं सांगत होतो. एकदा मोखाड्याच्या बाजाराला निघालो, तेव्हा लेकीच्या जोडीला दुसऱ्या शिंक्यात लाल भोपळे घातले. कावड झकास चालली. बाजारात एका बाईने भोपळे मागितले आणि मी मोठ्या खुशीत सगळे विकून टाकले. परतीला कावड उचलली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. एका बाजूला पोरगी, दुसरी बाजू रिकामी. मग रस्त्याकडेचे दगड उचलून भरले आणि घरापर्यंत वाहिले. आमच्याकडे भात कमी पिकतो, नाचणी बरी पिकते, पण दगडाला कधी दुष्काळ पडलेला नाही. पाड्यावर पोचलो तर काकीने शिंक्यात डोकावून पाहिलं आणि बोंबलली, “अगं बाया, या गं! ह्यानं बाजारातून दगड आणले! आपल्याकडचे संपले व्हते ना!” त्यानंतर पाड्यावर कोणालाही चूल मांडायची असली की मला विचारायचे, मोखाड्याचा दगड आहे का रे शिल्लक.

यंदा जव्हारला शिबिरात लेकीला चाकाची खुर्ची मिळाली. खुर्ची देणाऱ्या साहेबांनी मला ब्रेक कसा लावायचा ते तीन-तीनदा शिकवलं. मी प्रत्येक वेळी मान डोलावली. आमच्या पायवाटेवर बकरीसुद्धा ब्रेक लावत उतरते, हे त्यांना कशाला सांगा. जीप डांबरी रस्ता संपेपर्यंतच येते. तिथे मी खुर्ची घडी करून एका टोकाला बांधली, लेकीला दुसऱ्या शिंक्यात बसवलं आणि कावड उचलली. दोघींचं वजन तंतोतंत भरलं. इतकी जमलेली जोडी मला लग्नातही दिसली नव्हती.

ओहोळ ओलांडताना शेवाळावरून पाय घसरला. कावड कशीबशी खाली टेकवली, पण घोटा मुरगळला. मागून काकी येत होती, रिकाम्या हाताने.

“पोरगी दे,” ती म्हणाली.

“खुर्ची ने. पोरगीला मी आणतो, घटकाभर बसून.”

“लोखंड घरी नेऊ आन् लेकरू वढ्यात ठेवू? डोकं घसरलं का पाय?”

मी काही बोलायच्या आत तिने लेकीला शिंक्यातून उचलून कडेवर घेतलं. मी ‘नको’ची वाट पाहिली. लेकीने एकदा म्हटलं असतं, तर मी रांगत जाऊन तिला परत घेतलं असतं. ती काही बोलली नाही. काकी चढ चढून वळणाआड गेली. खरं सांगतो, मला भट्टीवरची ती दुपार दिसत होती.

तेवढ्यात वरून आवाज आला, “नको! नको!”

घोटाबिटा विसरलो. लंगडत, झाडोऱ्याला धरत, काकीला तोंडाला येईल ते बोलत वर पोचलो. काकी वळणावर उभी होती. “अरं, ओरडतोस काय? तुझ्यासाठी थांबले. हिला जरा खाली ठेवाय गेले, तं उतरंना.”

मी हात पुढे केले. लेकीने तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, उजवा हात काकीच्या गळ्यात घट्ट घातला आणि म्हणाली, “नको.”

मला म्हणाली. तिच्या बाला.

काकी हसली नाही. फक्त पदर सारखा केला आणि लेकीला घेऊन पुढे निघाली. मी परत ओहोळावर आलो. एका टोकाला खुर्ची होती, दुसरं शिंकं रिकामं. खुर्ची डोक्यावरही आणता आली असती, पण खांद्याला लेकीच्या वजनाची सवय. मी ओहोळातले दगड एकेक हातात तोलून पाहिले, तिच्याएवढे भरले तेव्हा थांबलो, आणि कावड उचलून लंगडत घरी आलो.

अख्खा पाडा अंगणात जमला होता. काकीच्या कडेवरून सगळ्यांत आधी हसली ती माझी लेक. मग मीही हसलो, आणि दगड उतरवताना तोंड फिरवून डोळे पुसले.